जाळपोळ : निरंक

तीर्थरूप मामांना,

तुमच्या जावयाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली, ती खरी आहे. का आली ते ओघात येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना तो बोलतो, असं तुम्ही मागे म्हणाला होतात. अजून बोलत असेल तर त्याचं ऐका आणि खालच्याच खोलीत झोपत जा. मामींचा चष्मा सापडला का? माझी प्रकृती उत्तम आहे. घरी सगळं क्षेम आहे. स्वयंपाकघरात तर हल्ली वारा फार छान खेळतो.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन चार-पाच वेळा केला होता. दर वेळी तुमची मुलगी उचलते, माझा आवाज ऐकते आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. माझी तक्रार नाही. ती तुमच्याकडे का आली, हे तिने तिच्या बाजूने सांगितलं असेलच. माझी बाजू मी थोडक्यात सांगतो. (थोडक्यात म्हणजे आमच्या खात्यात ज्याला थोडक्यात म्हणतात तसं. तेव्हा पाठीला उशी घेऊन बसा.)

आमचं सांख्यिकी कार्यालय काय करतं, हे लग्नाच्या बोलणीत तुम्ही मला विचारलं होतं आणि मी "मोजतो" एवढंच म्हणालो होतो. ते अजूनही खरं आहे. आम्ही कोंबड्या मोजतो, सायकली मोजतो, विहिरी मोजतो आणि वर्षाच्या शेवटी एक जाडजूड अहवाल छापतो. तो कोणी वाचत नाही, या भरवशावर सगळ्यांची नोकरी निवांत चाललेली असते. यंदा मात्र वरच्या कचेरीतल्या कोणा बड्या साहेबांचं टेबल डुगडुगायला लागलं. पायाखाली घालायला त्यांनी आमचा अहवाल मागवला. तो नेमका 'जाळपोळीचे गुन्हे' या पानावर उघडला आणि ते पान कोरं निघालं. कोरं का? तर ते काम ज्यांच्याकडे होतं ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागेवर आलेल्या बाईंचा समज असा झाला की जागा रिकामी म्हणजे आग लागली नाही. वरून विचारणा आली. आमच्या खातेप्रमुखांनी (यांना आम्ही पाठीमागे 'दशांश' म्हणतो, हे चहासुद्धा "शून्य दशांश सात पाच कप" असा मागवतात) मला बोलावलं. मागच्या वर्षी मी कोंबड्या त्यांची एकही टोच न खाता मोजल्या होत्या, तेव्हा हेही तुम्हीच कराल, असं ते म्हणाले. महिनाअखेरपर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्यातून जाळपोळीचा आकडा आणायचा होता.

सोबत एक छापील सूचनापत्र दिलं. त्यात जाळपोळीची व्याख्या होती : 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने स्वतःच्या अथवा परक्याच्या मालमत्तेस आग लावणे.' मामा, मी काम मनावर घेणारा माणूस आहे. मी ती व्याख्या पाठ केली आणि जाता-येता घोकत राहिलो. आता घोकलेली गोष्ट तोंडातून निसटते, त्यात माझा काय दोष? दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं, तेव्हा मी केवळ अभ्यास म्हणून तुमच्या मुलीला विचारलं की हे आपोआप झालं की हेतुपुरस्सर. तिने पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना माझ्या सदऱ्याची कॉलर जळाली आणि मी म्हणालो, "दुष्ट बुद्धीने?" मला फक्त रकाना कोणता तेवढं बघायचं होतं. तिने इस्त्री बंद केली, बॅग भरली आणि बाहेर जिन्यात उभी राहून, वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आग लागो तुमच्या त्या कागदांना. तो अहवाल पुरा झाला की मला न्यायला या. अर्धवट ठेवून आलात तर दार उघडणार नाही."

म्हणजे अहवाल पुरा केल्याशिवाय मला संसार नव्हता. दुसऱ्याच दिवशी तक्त्यांची पिशवी खांद्याला लावून मी निघालो.

बहुतेक ठाण्यांनी त्रास दिला नाही. कोणी दोन म्हणालं, कोणी तीन, एका ठाण्यात "तुम्हाला किती हवेत?" असं फार आपुलकीने विचारलं. अडलं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे पुलाजवळचं ठाणं, जे आपल्या घराचंच आहे. तिथले फौजदार उंच, सडपातळ आणि अत्यंत शांत. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाले, "निरंक." (आमच्या भाषेत निरंक म्हणजे काहीच नाही. शून्य म्हटलं की मोजल्यासारखं होतं; निरंक म्हटलं की मोजायची वेळच आली नाही.) मी खिडकीबाहेर बघितलं. ठाण्याच्या समोरच फर्निचरचं एक दुकान काळंठिक्कर पडून उभं होतं, आणि त्याच्या पायरीवर कोणी तरी रॉकेलच्या डब्याचं टोपण विसरून गेलं होतं. मी तिकडे बोट दाखवलं. ते म्हणाले की ती आग आहे, जाळपोळ नाही. जाळपोळ कोणी तरी करावी लागते. आजवर एकही माणूस या टेबलापाशी येऊन 'मी लावली' असं म्हणालेला नाही. तोवर आग आपली आपण लागली असं धरून चालायचं. मी टोपणाबद्दल विचारलं तर म्हणाले, ते बेवारस वस्तूंच्या नोंदीत आहे. आवाज इतका समजूतदार होता की मी त्यांचे आभार मानून बाहेर आलो आणि पूल ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण रिकाम्या हाताने आलो आहोत.

दुसरं ठाणं बाजारातलं. तिथले फौजदार गोल, घामाघूम आणि उत्साही. त्यांच्याकडून जो आकडा मिळाला तो ऐकून मला खुर्ची धरावी लागली, कारण तो आकडा खरा असता तर बाजार शिल्लक राहिलाच नसता. मी नम्रपणे तपशील मागितला. त्यांनी तो दिला. मेणबत्त्या होत्या, कचऱ्याच्या शेकोट्या होत्या, एका न्हाव्याने गरम पाण्यासाठी रोज पेटवलेला बंब होता आणि मुख्य म्हणजे ठाण्याच्या व्हरांड्यात वर्षभरात ओढल्या गेलेल्या सगळ्या सिगारेटी होत्या. "हेतुपुरस्सर पेटवतात की नाही? मग," ते म्हणाले. दुष्ट बुद्धीचं काय, असं मी विचारलं, तर त्यांनी मला न्हाव्याला एकदा भेटून यायला सांगितलं. खरी गोष्ट मला तिथल्या हवालदाराने बाहेर सांगितली : ज्या ठाण्यात गुन्हे जास्त त्याला दुसरी जीप मिळते, अशी बातमी साहेबांच्या कानावर आली होती. तेव्हापासून मी या दोघांना मनातल्या मनात निरंक आणि घाऊक म्हणतो. तुम्हीही तसंच म्हणा, म्हणजे गोंधळ होणार नाही. (तुम्ही दातांचे डॉक्टर, लोकांना तोंड उघडायला लावण्यात तुमची हयात गेली. मला राहून राहून वाटत होतं की या दोघांपैकी एकाला तुमच्या खुर्चीत बसवायला हवं होतं आणि दुसऱ्याच्या तोंडात कापूस कोंबायला हवा होता.)

मी घाऊक साहेबांच्या मेणबत्त्या आणि सिगारेटी मोठ्या मिनतवारीने वजा केल्या. उरली एक लाकडाची वखार. ती खरोखर जळली होती, आणि कोणी तरी खरोखर जाळली होती. वखारवाल्याच्या धाकट्या भावाने तसं वर्तमानपत्रात छापूनसुद्धा आणलं होतं. पण वखारीचं पुढचं दार निरंक यांच्या हद्दीत आणि मागचं दार घाऊक यांच्या हद्दीत. घाऊक म्हणाले, आख्खी माझी. निरंक म्हणाले, माझी तर नाहीच, पण त्यांचीही नाही. दशांशसाहेबांना कळवलं, तर त्यांचे डोळे एकदम पाणावले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना आपणहून चालत आलेला अपूर्णांक मिळाला नव्हता. "अर्धा-अर्धा लावा," ते म्हणाले, "शून्य दशांश पाच."

हे पटवायला मी दोघांना वखारीवरच बोलावलं. दोघेही आले, आपापली मोजपट्टी घेऊन. हद्द नेमकी कुठून जाते यावर बोलणं सुरू झालं, आणि ते रंगात आलं असताना मधल्या ओंडक्यांच्या ढिगातून पुन्हा धूर यायला लागला. आतल्या आत काही तरी धुमसत राहिलं असावं. मी म्हणालो, अग्निशमन दलाला बोलवा. घाऊक यांनी खिशातून फोन काढला, पण निरंक यांनी त्यांचा हात धरला. जो फोन करील त्याची आग, अशी चाल होती ती, आणि घाऊक यांना ती मिळू देण्याची निरंक यांची तयारी नव्हती. घाऊकही मग हट्टाला पेटले. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, आता तुमचीच. दोघे कमरेवर हात ठेवून एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि मागे ज्वाळा त्यांच्या डोक्यांच्या वर गेल्या. शेवटी मीच फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, कोणाच्या हद्दीत? मी म्हणालो, सध्या कोणाच्याच नाही, पण लवकर या. ते आले, आणि पाण्याचा पहिला लोट मलाच बसला. (कमरेचं ते असं झालं. मी ओंडक्यांवर उताणा पडलो.) माझ्या पाठोपाठ तक्त्यांची पिशवी भिजली. महिन्याभराची मेहनत, सगळ्या ठाण्यांच्या सह्या-शिक्क्यांसकट, चिंब झाली.

पण ते सगळं पार पडलं. तक्ते वाळले. आकडे वाचता येतात. घाऊक साहेबांनी जीपची आशा सोडून अर्ध्यावर सही केली. निरंक यांनी अर्धा घ्यायला साफ नकार दिला. निरंकाचा अर्धा होत नाही, असं म्हणाले. पण अखेर त्यांनीही आपला आकडा दिला. एक. तो एक कुठून आला हे सांगत बसलो तर पत्र फार लांबेल. अहवाल पुरा झाला आहे, दशांशसाहेब माझ्याशी हसून बोलतात, आणि येत्या रविवारी मी तिला न्यायला येतो आहे. तिला तसं सांगा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या वाळलेला,
जावई

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पण मन खात होतं म्हणून पुन्हा काढलं. तो एक आपल्या स्वयंपाकघराचा आहे. झालं असं, की ओले तक्ते मी शेगडीवर दोरी बांधून वाळत घातले, ज्योत बारीक केली आणि कमरेला शेक घ्यायला जरा आडवा झालो. जाग आली ती धुराने. आधी पडदा गेला, मग खिडकीची चौकट, मग मसाल्यांची फळी आणि भिंतीतलं कपाट. शेजारच्या काकू बादल्या घेऊन धावून आल्या. मी काहीच केलं नाही असं नाही, मी ताबडतोब तक्ते बाहेर काढले. मग पुन्हा आत जाऊन उरलेले तक्ते काढले. एकालाही धग लागली नाही. तिच्या बरण्यांबद्दल तिला एवढ्यात काही सांगू नका.

ता. क. २. आता अर्धवट सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरंक साहेब स्वतः आले. त्यांना मी एकामागून एक स्मरणपत्रं पाठवली होती आणि शेवटच्यात, दशांशसाहेबांच्या सांगण्यावरून, 'निरंक स्वीकारला जाणार नाही' असं ठणकावून लिहिलं होतं. त्यामुळे बिचाऱ्यांना कुठून तरी एक हवाच होता. मी सगळं खरं सांगितलं, की चूक माझी आहे आणि ती निष्काळजीपणाची आहे. ते उदास झाले. निष्काळजीपणा म्हणजे अपघात, आणि अपघात म्हणजे पुन्हा निरंक. तेवढ्यात काकूंनी दारातून, केवळ माहितीत भर म्हणून, तुमच्या मुलीचे जिन्यातले शब्द त्यांना ऐकवले. निरंक साहेबांनी ते दोनदा म्हणवून घेतले आणि सावकाश लिहून काढले. त्यांच्या मते यात हेतू आहे, मालमत्ता आहे आणि जाहीर चिथावणीही आहे. ती तेव्हा तुमच्याकडे होती, असं मी कळवळून सांगितलं, तर म्हणाले की चिथावणीला अंतराची अट नाही. मी फारच वाद घालायला लागलो तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "तुम्ही आकडा मागायला आलेले आहात की अडवायला? एक काय ते ठरवा."

मामा, मी काय ठरवणार होतो? महिनाअखेर दोन दिवसांवर होती. मी गप्प बसलो. अशा रीतीने यंदाच्या सगळ्या जाळपोळींत आरोपीचा पत्ता लागलेली ही एकच आहे, आणि आरोपी तुमची मुलगी आहे. दशांशसाहेबांना इतका आनंद झाला की पुलाजवळच्या ठाण्याच्या नावापुढे 'उकल : १००.०० टक्के' असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. छपाई होईपर्यंत नाव तसंच राहू दे, मग बघू, असं त्यांचं म्हणणं आहे.

तेव्हा विनंती अशी. एक-दोन दिवसांत एक हवालदार तिचा जबाब घ्यायला तुमच्याकडे येईल. स्वभावाने गरीब आहे. त्याला बसवून घ्या, चहा द्या आणि ती घरी नाही असं सांगा. आणि रविवारचं मी वर लिहिलं आहे ते तूर्त विसरा. निदान भिंत रंगवून होईपर्यंत तिला तिथेच ठेवून घ्या. काय कारण सांगायचं ते तुम्हीच ठरवा. गुडघ्याचं सांगितलंत तरी चालेल.

ता. क. ३. बाबा, ही मी. हे पत्र मला टेबलावर उघडंच सापडलं. हवालदार तुमच्याकडे आला, तुम्ही त्याला चहा दिलात आणि बोलता बोलता त्याची दाढ बघायला लागलात, तेव्हा त्याच्या हातातला कागद मी वाचला (काय जळलं आणि काय वाचलं, सगळं त्यात होतं) आणि मागच्या दाराने निघाले. न सांगता आले म्हणून रागावू नका. आईला सांगा की मी पोचले.

स्टँडवरून मी आधी ठाण्यात गेले. फौजदारांना म्हटलं, हो, ते शब्द माझेच आहेत. पूर्ण शुद्धीत आणि मनापासून बोलले होते, आणि आजही बोलायला तयार आहे. पण नीट वाचा. मी आग मागितली होती ती कागदांना. कागदांना धग लागलेली नाही आणि माझ्या बरण्या गेल्या आहेत, तेव्हा मी मागितली ती आग ही नव्हेच. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग इतक्या समाधानाने हसले की मलाच बरं वाटलं. सगळं खोडून त्यांनी 'निरंक' लिहिलं आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

त्यामुळे अहवाल परत अर्धवट झाला आहे. हे मघापासून डोकं धरून बसलेत. त्यांच्या साहेबांचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी राँग नंबर म्हणून ठेवला. भिंत मला वाटलं होतं तेवढी वाईट नाही, उद्या दोघं मिळून खरवडायला घेऊ. तक्ते मी उंचावर ठेवलेत. मला वाटलं होतं मी घरात शिरले की आधी हे त्या तक्त्यांकडेच धावतील. तसं झालं नाही. माझी बॅग हातातून घेतली आणि ती कुठे ठेवायची हेच त्यांना सुचेना, तशीच धरून उभे राहिले. कमर खरंच दुखते आहे त्यांची.

हे पत्र टाकू नकोस म्हणतात, पण मी टाकणार आहे. तुम्ही आणि आईने वाचून झालं की तेवढं मला परत पाठवा. एवढं लांब पत्र त्यांनी आजवर मला कधी लिहिलेलं नाही, तेव्हा निदान हे तरी माझ्याकडे असू दे. आणि पाकिटावर माझंच नाव घाला, त्यांचं घालू नका. नाही तर आवक क्रमांक टाकून ऑफिसात घेऊन जातील.